अकरा चौकोन

ऑफिसात, एसीच्या गारव्यात,
मी नागपूर जिल्ह्यावर पाच कागद एकावर एक अंथरले होते:
ऊन, उतार, माती, पाणी,
आणि विजेचं उपकेंद्र किती लांब.
शेवटी या पाचव्याचंच चालतं, हे कोणी उघड बोलत नाही.
जिथे पाचही जुळले तिथे संगणकाने हिरवा भरला,
जिथे नाही तिथे तांबडा.
खाली पीक, वर वीज.
योजना एका ओळीत मावते.

मैनाबाई ठवकरांचं वावर
माझ्या नकाशात अकरा चौकोन आहे.
सात हिरवे, तीन पिवळे,
एक तांबडा. तो का,
ते खुर्चीत बसून मला कळलं नाही.

भिवापूरच्या अलीकडे उतरले. मे महिना, सकाळचे नऊ,
गाडीच्या सीटवर हात टेकवत नव्हता.
काळ्या जमिनीला अशा भेगा
की खिशातली पेन्सिल पडली, ती दिसलीच नाही.
"गेली," बाई म्हणाल्या. "मागच्या साली विळा गेला.
जमीन तोंड मिटते, मंग काही वापस देत नाही."
मी पेनाने लिहिलं:
फुगणारी माती. खांब खोल लागतील.

मग मी समजावू लागले.
काचेच्या पाट्यांनाही इथलं ऊन झेपत नाही,
तापल्या की वीज उतरते,
खाली हिरवं असेल तर जरा निवतात.
"म्हणजे मिरची तिले वारा घालते
अन् थे मिरचीवर छाया धरते.
लेकीबाळीसारखं हाय."
मी हे तीन पानांत लिहिलं होतं, आलेखासकट.

सावलीचं मात्र त्यांनी सोडलं नाही.
पौषात कुठवर जाईन?
धुऱ्यापलीकडं, चिंधू डहाकेच्या हरभऱ्यावर गेली
तर थो म्हणेन, तुही सावली उचल माह्या वावरातून.
तवा कोण येईन उचलाले, तू?
माझ्याकडे शेजाऱ्याचा रकाना नव्हता.
मी पानाच्या कडेला उभं लिहिलं: चिंधू डहाके, उत्तर बाजू.

राहिली उंची.
कागदावर अडीच मीटर, बैलाच्या शिंगांच्या हिशेबाने.
"बैल इकले तीन साल झाले," त्या म्हणाल्या,
"मले मोज ना व माय."
आणि गोठ्याला टेकवलेला पऱ्हाट्यांचा भारा
डोक्यावर घेऊन ताठ उभ्या राहिल्या.
मी टेप सोडला,
चपलेच्या झिजल्या टाचेपासून वर,
नऊवारीच्या काठावरून, कानामागच्या घामावरून,
चुंबळीवरून, सर्वांत उंच काटकीच्या टोकापर्यंत.
दोन मीटर त्रेसष्ट.
"चिखलात पाय रुतते, थे वजा कर," त्या हसल्या, भारा हलला.
"पण सून उंच हाय माह्यापेक्षा.
सातऱ्यावर गेली मिरच्या खुडाले. सांजच्याले येते."

दुपारी मोबाईलवर नकाशा उघडून
मी निळ्या ठिपक्यामागे चालत गेले, तांबड्या चौकोनात.
तिथे मोहाचं झाड होतं.
खाली बाज, दोन गुंड, भाकरीचं फडकं,
कोणाच्या तरी नातवाची एक चाक मोडलेली ट्रक.
शेरा आधीच छापलेला होता: छायाबाधित, अपात्र.
त्या अपात्र जागेत बसून मी डबा खाल्ला,
आणि पडले, आणि मला झोप लागली.

सून आली तेव्हा उजेड लांब झाला होता.
निर्मला. डोळे तिखटाने लाल, बोटं त्याहून लाल.
सासूने काही न सांगता भारा तिच्या डोक्यावर चढवला.
ती वैतागली, मग उभी राहिली.
दोन एक्क्याऐंशी.

एवढ्या उंचीवर लोखंड किती वाढतं, खर्च किती,
साहेब काय म्हणतील, ते मला पाठ आहे.
मी आकडा लिहिला आणि दोनदा गिरवला.

परतीला उमरेड रोडवर पेन्सिल आठवली.
तिच्यावर आमच्या ऑफिसचं नाव आहे, सोनेरी अक्षरांत.
आषाढात कधीतरी ते वावर
तिच्यावर मिटेल.